सुई

लाडखेडच्या फाट्यावर माहं दुकान.
ट्रकचे, ट्रॅक्टरचे, सायकलीचे
तीस वर्सं पंक्चर काढले म्या,
पन बंदूक कोनी आनली नोती.

"डोमाकाका, हिची हवा निंगून राह्यली,"
गेडामाची करुणा बोलली.
मांगं पीटीचे ढोबळे सर, हातात पेटी,
पेटीवर शाळेची सतरंजी,
जसं दवाखान्यात आनलेलं लेकरू.

नवी कोरी. गावाच्या वर्गणीतली.
छर्ऱ्याची, दहा मीटरवाली. बारूद नाही ना काही नाही,
नळीखालच्या सिलिंडरात नुसती हवा.
पन केवढी? दोनशे बार.
माह्या ट्रकच्या टायरात आठ राह्यते.
आकडा ऐकला आन् कंप्रेसरचा पाइप
गुपचूप खुंटीले टांगला म्या.

संग हातपंप होता, उभा, नळीत नळी.
सर त्यावर लोंबकळले, मंग करुणा,
साठ दांडे, सत्तर दांडे.
सुई उठे, जराशी चाले,
पंप थांबला का बसे खाली
आळशी बैलावानी.

दुकानवाला फोनवर म्हने, परत पाठवा.
परत म्हंजे पुन्याले,
आन् जिल्ह्याची स्पर्धा सोळा दिवसावर.

म्या रिठ्याचा फेस केला वाटीत,
दाढीच्या ब्रशानं लावला जोडाजोडाले.
मीटरपाशी चूप.
पाइपाच्या आट्यांपाशी चूप.
जथी पंपाची खुट्टी बंदुकीत घुसते
तथी एक बुडबुडा फुगला, फुटला, आखीन फुगला,
शेंबड्या पोराच्या नाकावानी.

खुट्टी काढली. तिच्यावर रबराची कडी,
कानातल्या बाळीएवढी.
नखानं फिरवून पाह्यली, एका जागी चिरलेली.
नव्या भोकाची धारही नवीच राह्यते ना, लेकाची, कापते.
काडीले बारीक पॉलिशपेपर गुंडाळून मोडली ती धार,
कीस पुसून काढला,
पाकिटातली दुसरी कडी बसवली.
सर तेलाची कुप्पी घेऊन धावले.
"तेल नाही!" म्या वरडलो. "एवढ्या दाबात तेल
म्हंजे डिझेलचं इंजिन, सर.
ते सिलिकॉनचं मलम द्या, मुंगीएवढं."

पुन्हा दांडे. खुट्टीवर फेस जसाच्या तसा.
आन् सुई पुन्हा खाली.

आता मात्र माही अक्कल सरली.
बिडी पेटवाले मी बाजूले गेलो.
पोरगी रस्त्यावर गेली.
जिनिंगच्या गाड्या जाऊन जाऊन
बाभळीच्या काट्यांवर कापूस अडकला राह्यते पौषात;
त्यातला एक पुंजका आनला तिनं,
दोन बोटात धरला नळीच्या तोंडापुढं.

हालला.

तोंडातूनच जाऊन राह्यली होती, राजेहो,
आन् आम्ही बुडाले फेस लावून राह्यलो होतो.

मंग मले कळलं. रिकाम्या बंदुकीत
आतली हातोडी टेकून राह्यते व्हॉल्ववर.
ट्यूबच्या पिनवर कोनी बोट ठेवलं
तर भरन का ट्यूब?
"घोडा मांगं ओढ," म्हनलं, "आन् पयले दांडे झपाझप मार."
तिनं ओढला, खट्. छर्रा नाही आत, दोनदा पाह्यलं.
सरांनी चष्मा खिशात घातला आन् भिडले.

कापूस थांबला.

पन्नास. नव्वद. चहा. एकशेतीस.
पंप तापला का थांबाचं, निवला का भिडाचं.
दिवाबत्तीले दोनशे.
पाइप काढाच्या आंधी दाबाचा स्क्रू सोडला,
फुस्सकन असा आवाज
का बाकाखालचं कुत्रं थेट येष्टी थांब्यावर.

बंदूक रातभर माह्या दुकानात.
मी मीटरवर बॅटरी मारून पाहो,
निजो, उठून पाहो.

सकाळी एकशेब्यान्नव.
सरांचं तोंड सतरंजीएवढं उतरलं.
"गेली ना हवा?"
म्हनलं, हवा तथीच हाये. काल तापली होती, दांडे खाऊन,
रातच्या थंडीनं आखडली.
मानूस नाही आखडत?

दुपारपर्यंत सुई हालली नाही.
करुणानं पुंजका वेणीत खोसला,
पेटी उचलली, किती झाले इचारलं.

वहीत लिहिलं म्या: बंदूक, एक.
कडी बदलली.
दुसरी गळती गेडामाच्या पोरीनं शोधली, कापसानं.
पैशाचा रकाना अजून कोराच हाये.